सोळा आण्यांचं घर

गंजाडच्या नव्या घराचा ओसरीवरचा बीम मोडला तो रोशनमुळे. हे रोशनही नाकारत नाही. 'मोडला' नका म्हणू, 'तडकला' म्हणा, एवढीच त्याची विनंती असते.

बीम ओतून आठवडासुद्धा झाला नव्हता. खाली टेकू उभे होते. त्या टेकूंमुळे झोपाळ्याला झोका घेता येईना, म्हणून रोशनने ते काढले. तलासरीच्या शाळेत तो विज्ञान शिकवतो, तेव्हा गुरुत्वाकर्षण त्याच्या कानावर आलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. पण समोर उंबरगावहून आणलेला सागवानी झोपाळा, पितळी कड्या उन्हात झगझगतायत, आणि शेजारची लाडकी मावशी म्हणतेय, "बस ना मास्तर, बघू तरी कसा हलतो!" अशा वेळी विज्ञान गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसतं. दोघं झोपाळ्यावर बसले. तिसऱ्या झोक्याला वरून 'कर्र' असा आवाज आला. लाडकी मावशी टुणकन उतरली. रोशन उतरला नाही. त्याला वाटलं, कडी कुरकुरतेय.

संध्याकाळी डहाणूहून भावजी आले. भावजी म्हणजे काशीनाथ, रोशनच्या थोरल्या बहिणीचे, वसुमतीताईचे यजमान, आणि हे घर त्या दोघांचं. सगळी नोकरी रेल्वेच्या बांधकामांवर गेली, पण वीट कधी हातात धरली नाही. इतरांनी बांधायचं आणि काम खरोखर कुठवर आलंय ते यांनी मोजायचं. जानेवारीत निवृत्त झाले, तरी डोळ्यातली फूटपट्टी काही परत जमा केली नव्हती.

त्यांनी तडा पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "काल अकरा आणे होते. आज दहा."

रोशनला वाटलं होतं, भावजी रागावतील. मग आपणही रागावू आणि मिटेल. आण्यांशी कसं भांडायचं?

"अहो भावजी, पण बाकी बघा की! फाटक आलं, संगमरवर आला, खिडक्यांची ग्रिलं आली. ऐंशी टक्के घर झालंय!"

"आलंय," भावजी म्हणाले. "झालं नाहीये."

हा हिशेब त्यांनी रोशनला फार पूर्वी सांगितला होता. तेव्हा ते नवे जावई होते आणि रोशन शाळेत होता. सासुरवाडी वरोरला. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत त्यांनी काठीने तीन रेघा ओढल्या. म्हणाले, ही तीन माणसं आहेत, एकाच गावाला निघालेली. पहिला बेत. तो ठरल्या वेळी ठरल्या चालीने चालतो, इकडेतिकडे बघत नाही. दुसरा खर्च. त्याच्या पायात चप्पल नाही, वाळू तापलेली, म्हणून तो पळतो. तिसरं काम. त्याच्या डोक्यावर बोजा आहे. ते दमतं, झाडाखाली बसतं, पुन्हा उठतं. लोक पळणाऱ्या खर्चाला बघून म्हणतात, वा, पोचलोच की! पण गावाला पोचायचं असतं कामाला. म्हणून प्रत्येक कामाची किंमत आधीच ठरवायची. काम पुरं झालं, की तेवढी किंमत कमावली. पुरं झालं नाही, तर शून्य. मग बघायचं, रुपया गेला त्यात किती आण्यांचं काम कमावलं.

"अर्ध्या उत्तराला आम्हाला अर्धे मार्क देतात," छोट्या रोशनने हरकत घेतली होती.

"अर्धं छप्पर अर्धा पाऊस अडवतं का रे?"

तेवढ्यात भरतीची लाट आली आणि तिन्ही माणसं एकदमच समुद्रात गेली.

आता गंजाडच्या अंगणात रोशनला ती रेघ न् रेघ आठवली. फाटक उभं होतं, पण कुंपण नव्हतं. शेळ्या फाटकाला वळसा घालून आदबीने आत यायच्या. संगमरवराच्या लाद्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि भिंतीवर टेकायला छप्परच नव्हतं. हे सगळं रोशननेच आणलं होतं. भावजींनी सामान आणायचं काम त्याच्यावर टाकलं होतं, आणि त्याला जे जे बहिणीला शोभेलसं वाटलं ते ते त्याने आधी आणलं.

"झोपाळा बेतात होता की," भावजी म्हणाले. "अगदी शेवटी."

"म्हणूनच आधी आणला!" रोशन उसळला. "शेवटी ठेवलेलं ताईला कधी मिळालंय का? काश्मीर शेवटी होतं. शिलाई मशीन शेवटी होतं. पेटी शिकायची होती तिला, ती तर शेवटाच्याही पलीकडे होती!"

भावजी पुन्हा चष्मा पुसू लागले. तो आधीच स्वच्छ होता.

ताई म्हणजे रेल्वेच्या क्वार्टरमधलं आयुष्य. बदली झाली की पडदे आखूड करायचे. दुसरी बदली झाली की त्यांना खाली दुसऱ्या रंगाची पट्टी लावायची. छताला कडी ठोकायची परवानगी कुठल्याच क्वार्टरमध्ये नव्हती. वरोरला माहेरी मात्र झोपाळा होता. त्याच्यावर ती रोशनला निजवायची, आणि बरेचदा रोशन जागाच राहून ती निजायची. मेअखेर डहाणूचंही क्वार्टर सोडायचं होतं. भाड्याच्या खोलीत जाणार नाही, असं तिने एकदाच सांगितलं होतं. ताई कुठलीही गोष्ट एकदाच सांगते.

त्या रात्री डहाणूला जेवताना भावजींनी तिला खरं सांगून टाकलं. "रुपयाला दहा आणे काम होतंय. या चालीने छप्पर आषाढात पडेल."

"पडेल?" ताईने विचारलं.

"म्हणजे, होईल."

ताईने भाकरी उलटली. ती टम्म फुगली. मग ती म्हणाली, "बेत बदला."

भावजींचा घास हातातच राहिला. नोकरीत कित्येक साहेब त्यांना हेच सांगून गेले होते. काम मागे पडलं की बेतच मागे ओढा, म्हणजे कागदावर सगळं वेळेत! भावजींनी ते कधी केलं नाही, म्हणून त्यांची बदली व्हायची, म्हणून पडद्यांना पट्ट्या लागायच्या.

"बेत बदलणं म्हणजे खोटं बोलणं, वसू."

"खोटं बोलू नका. चार खोल्यांचं घर वेळेत झालं नाही, ते बिनचूक मांडून ठेवा. आणि दोन खोल्यांचं नवीन काढा. मला सोळा आणे नकोत. मला छप्पर हवं."

रोशन खाली मान घालून भातात आमटी कालवत होता. ती केव्हाच कालवून झाली होती.

दुसऱ्या दिवशी तो शाळा सुटल्यावर टेम्पो घेऊन आला आणि फाटक, संगमरवर परत घेऊन गेला. दुकानदाराने "काय मास्तर, घर नानुं थई गयुं?" म्हणजे घर लहान झालं का, असं विचारलं, तेही ऐकून घेतलं. झोपाळाही टेम्पोत चढवला होता. भावजींनी तो उतरवून घेतला. कुणाला काही न सांगता पोत्यात गुंडाळला आणि आतल्या खोलीत आडवा ठेवला.

बाळ्या गवंड्याने बीम फोडला, नवा ओतला. यावेळी टेकूंना हात लावायची कुणाची छाती नव्हती. लाडकी मावशी येता-जाता टेकूंनाच रामराम घालायची. चैत्र आला, महालक्ष्मीची जत्रा भरली, आणि बाळ्या, त्याचे बिगारी, सुतार, सगळे एका सकाळी दिसेनासे झाले. रोशन धावत डहाणूला गेला.

"भावजी, पळाले सगळे!"

"पळाले नाहीत. जत्रेला गेले." भावजींनी नवा बेत दाखवला. वर चढणारी रेघ चैत्रात थोडा वेळ अगदी आडवी होती. "जत्रेत रेघ आडवी चालते. तू गेलास का? जा, ताईला घेऊन जा."

त्या दुपारी ताईला जत्रेहून डहाणूला सोडून परतताना रोशन गंजाडच्या रिकाम्या घरात वाळूच्या ढिगावर टेकला. बाहेर शेतांत भाताच्या वाफ्यांवर पालापाचोळा जाळून राब भाजले जात होते. धुराचा गोडसर वास उघड्या छपरातून खाली उतरत होता. वर नुसतं आकाश. डोळा लागला तसे ते तिघे आले. वरोरच्या वाळूवरून नाही, जत्रेतूनच. बेताने टोपी काढून काखेत धरली होती. खर्चाला कुणीतरी नव्या चपला घेऊन दिल्या होत्या, तो आता सावकाश चालत होता. आणि कामाचा बोजा तिघांनी मिळून धरला होता. लांबुळका बोजा, पोत्यात गुंडाळलेला. ते घराच्या दाराशी आले आणि आत न येता थांबले, पाहुण्यांनी हाक मारायची वाट बघावी तसे. रोशनने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. जागा झाला तेव्हा उंबऱ्यावर एक शेळी उभी होती.

मेअखेरीस घर झालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओसरी. जमीन शेणाची. लाडकी मावशीने ती अशी सारवली, की पाय ठेवायला मन होईना. पुढच्या दोन खोल्यांचे पाये गवतात तसेच राहिले, पुढच्या वर्षाची वाट बघत. सामान आलं, पडदे आले. या खिडक्यांना ते लांब झाले. ताईने ते कापले नाहीत. जमिनीवर लोळू दिले.

झोपाळा शेवटी टांगला. भावजींनीच.

संध्याकाळ होती. वारा समुद्राकडून आत येत होता. इतक्या आत त्याला मिठाचा वास उरत नाही, पण ताई म्हणाली, येतोय. ती झोपाळ्यावर बसली होती, पाय वर घेऊन, डोळे मिटून. झोका कोण देत होतं कळत नव्हतं. शेजारी भावजी ताठ बसले होते, क्वार्टरच्या खुर्चीत बसावं तसे. हळूहळू ते पाठीमागे रेलले. त्यांचा चष्मा नाकावरून खाली आला आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. वर कडी एका लयीत बोलत होती, कुर्र, कुर्र, आणि पायरीवर बसलेल्या रोशनला वाटत होतं की आपण पुन्हा लहान आहोत आणि कुणीतरी आपल्याआधी निजतंय.

ताईची मान खरंच कलंडली होती.

"भावजी," रोशन कुजबुजला, "आता तरी म्हणा, सोळा आणे!"

भावजींनी डोळे उघडले नाहीत.

"कडी कुरकुरतेय. पंधरा."