सुकुमारनं न दिलेली सही

सुकुमार गेल्याचं कळलं तेव्हा मी साताऱ्यात घरी सकाळचा चहा घेत होतो. झोपेतच हृदय थांबलं. आज दीड महिन्यानं लिहायला बसलोय, आणि खरं सांगतो, मनात दुःखापेक्षा किळस जास्त आहे.

आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत मेंदूच्या स्कॅनचं संख्याशास्त्र बघायचो. चित्रातले हजारो ठिपके. ठरवलेल्या रेषेच्या वर गेलेले शेजारशेजारचे ठिपके मिळून पुंजका होतो, आणि तो पुरेसा मोठा भरला तरच इथं काही घडलं असं म्हणता येतं. सुकुमार सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. तो हे कृष्णेच्या पुरावरून सांगायचा. "पानी चढलं की टेकाडं सुटी सुटी दिसत्यात. उतरलं की समदं मिळून एकच बेट. म्हनून रेघ आधी मारायची गड्या, बेटं बघून न्हाई."

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांनी मात्र रेघ बेटं बघूनच मारली. म्हाताऱ्यांच्या विसराळूपणावरच्या गोळीनं मेंदूत फरक पडतो का, हा अभ्यास होता. आधी ठरलेल्या रेषेवर काहीच हाती लागेना, तशी रेषा खाली आणली. चार किरकोळ पुंजके एकमेकांना चिकटून एकच भलामोठा पुंजका झाला, पेढे आले. छापायला पाठवायच्या लेखात लिहिलं, रेषा पहिल्यापासून हीच होती. सुकुमारनं लेखक म्हणून सही द्यायला साफ नकार दिला आणि स्वतःचं नाव काढायला लावलं. मी... मी पेढा खाल्ला आणि सही केली. "तुला ठावं हाय न्हवं?" एवढंच तो म्हणाला. मला ठाऊक होतं.

तो गेला आणि आठवड्यात सरांचा मेल आला: दिवंगत सहकाऱ्याचं नाव लेखात पुन्हा घालू, श्रद्धांजली म्हणून. शोकसभेत तर गहिवरून बोलले. 

सांगलीला जाऊन त्याच्या वडिलांना, आप्पांना, सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "जित्ता असताना त्यो न्हाई म्हनाला. मग मेल्यावर व्हय कसा म्हनंल?" त्याच्या खोलीत, त्याच्याच टेबलाशी बसून मी सरांना लिहिलं, आमची दोघांचीही नावं काढा.

काल लेख छापून आला. माझं नाव काढलंय. त्याचं आहे, काळ्या चौकटीत. त्याचा नकार तोंडी होता, लेखी नव्हता, असं सर म्हणतात... आता आप्पांना कोणत्या तोंडानं सांगू?