ज्याच्या सावलीत बसलो

शालन सरकत्या जिन्यावर कधी उभी राहिली नाही. नागोयात आमच्या भुयारी स्टेशनावर माणसं त्या जिन्यावर गुपचूप ओळीनं उभी राहून वर जायची, आणि शेजारच्या पायऱ्यांवरून ही माझी बायको, साडीवर मुलाचं जाड जाकीट घालून, कठडा धरून चढायची. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं. एखादी जपानी बाई थांबून विचारायची, "दाइजोबु?" म्हणजे ठीक आहे ना. शालन धापा टाकत सांगायची, "दाइजोबु, दाइजोबु." जपानी तिला एवढंच यायचं, आणि तेही खोटं बोलायला.

मी ओरडायचो, "अगं, फुकटचा जिना आहे. उभी राहा की!"

"तुमच्या त्या वाळवंटातल्या राजवाड्यात सरकता जिना बसवलाय का कोणी?"

राजवाड्याचं सांगायला पाहिजे. मी फार शिकलेला नाही. चिपळूणकडचा माणूस. लग्न झाल्यावर ओमानात पाण्याचा टँकर चालवायला गेलो, आणि उमेदीची वर्षं तिकडेच गेली. वाटेत एक जुना मातीचा राजवाडा लागायचा. आसपास झाड म्हणून नाही. दुपारी मी टँकर लावून त्याच्या भिंतीच्या सावलीत बसायचो, रोटी-कांदा खायचो, डुलकी काढायचो. एकदा तिथं काढलेला फोटो घरी पाठवला. तो शालननं देवांशेजारी लावला. पुढं मुलगा संदीप जपानात मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर झाला, आम्हाला म्हातारपणी इकडे घेऊन आला. देवही आले, फोटोही आला.

इथंच एकदा तिनं विचारलं, "आतून कसा होता हो?"

"मला काय माहीत? मी भिंतीला टेकून जेवायचो."

"इतकी वर्षं सावली घेतलीत आणि उंबऱ्याला हात लावला नाहीत?" तिला ते फार लागलं. तसल्या उन्हात नवरा जगला तो त्या भिंतीमुळं, असा तिचा हिशेब. "ज्याच्या सावलीत बसावं, त्याच्या घरी एकदा जाऊन यावं. माणूस असो की माती."

मग आजार निघाला. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, परत उलटू शकतो. संदीप म्हणाला, "आई, आधी बरी हो. मग जाऊ."

"बरी होऊन जायचं की जाऊन बरं व्हायचं, ते माझं मी बघते." दुसऱ्या दिवसापासून पायऱ्या सुरू.

गावी जाताना वाट वाकडी करून आम्ही तिघं ओमानात गेलो. तिच्या मांडीवर नागोयाच्या गोड डाळीच्या मिठाईचा खोका. कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही ही जपान्यांची रीत, आणि शालनची जन्मापासूनची.

"आई, तिथं कोणी राहत नाही. तिकीट काढून बघायचं असतं," संदीप म्हणाला.

"राखणदाराला तोंड नसतं का?"

माझी जागा मी दाखवली. तिनं भिंतीवर तळवा ठेवला. "हीच?" म्हणाली. मी म्हटलं, हीच. मग तिनं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. राखणदार म्हातारा होता. त्यानं मिठाई तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. तरी आम्हाला बसवून कावा, म्हणजे तिकडची कॉफी, आणि खजूर दिला.

"काय म्हणतो?"

माझं गंजलेलं अरबी कामाला लावून मी सांगितलं, "विचारतोय, डाळ गोड कशाला करतात?"

"त्याला म्हणावं, चिपळूणला ये, पुरणपोळी घालते."

वरचा मजला बायकांचा होता. पायऱ्या उंच, अंधाऱ्या. संदीप म्हणाला, "बास आता, आई." तिनं पदर खोचला. "मग स्टेशन काय उगाच चढले? तुम्ही खालीच थांबा. बायकांची जागा आहे."

आम्ही चौकात उभे. किती तरी वेळ वरून काही आवाज नाही. संदीप जिन्याकडे धावणार, तेवढ्यात वरच्या जाळीआडून आवाज आला.

"अहो! इथून तुम्ही दिसता. मी दिसते का?"

"नाही!"

"मग नीट उभे राहा. पोक काढून काय उभे राहता?"

राखणदाराला शब्द कळले नसतील, पण मी ताठ झालेला बघून तो पोट धरून हसला.

आजार उलटलाच. नागोयातच गेली. शेवटी शेवटी नर्सनं विचारलं की तेच सांगायची, दाइजोबु.

संदीप म्हणतो, "बाबा, तुम्ही तरी सरकत्या जिन्यानं या." मी पायऱ्यांनीच येतो. अर्ध्यावर दम लागतो, पाठ वाकते. कोणी विचारलं तर मीही तिच्यासारखं खोटं बोलतो. मग पाठ सरळ करतो आणि वर बघतो. वर कोणी दिसत नाही. तेव्हाही दिसत नव्हती.