घाटाच्या यादीत नसलेली घरं

नांदेड सोडलं त्या सकाळी गोदावरीत गुडघाभर पाणी होतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. पलीकडच्या गावांची माणसं धोतर वर खोचून नदी चालत पार करायची आणि आमच्या आळीच्या बारा नावा वाळूत पालथ्या पडल्या होत्या. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. तिथल्या कचेरीत मला कारकुनाची नोकरी लागली होती. बसस्टँडवर जाण्यापेक्षा पलीकडच्या लोह्याच्या रस्त्यावर एसटी गाठणं आम्हाला सोयीचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमची नाव सुलटी केली, तिच्यात माझी पत्र्याची पेटी ठेवली, मला बसवलं आणि स्वतः पाण्यात उतरून ती ढकलत नेली. "नावाड्याचं लेकरू चालत जाईल व्हय?" लोक शेजारून चालत होते, हसत होते. मी मान वर केली नाही. आबा मात्र घामाघूम होऊन भलतेच खुशीत होते.

लातुरात सगळंच नवं होतं. जिल्हा नवा, टेबलं नवी, आम्हीही नवे. खोली मिळाली ती एका डाळमिलवाल्या आप्पांकडे. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, बोलणं तुपासारखं मऊ. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "ट्रान्सपोर्ट." आप्पांनी आदरानं विचारलं, "गाड्या किती?" मी म्हणालो, "सध्या एकच." आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा ते मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं आणि पुढची अनेक वर्षं निभावलं. कचेरीतही तेच. चहाच्या टपरीवर कुणी गावाकडचा विषय काढला की मी फाईल आठवून उठायचो.

आळीतल्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं पुण्याला, हैदराबादला गेलेल्यांनो, इथवरचं तुम्ही माफ कराल. थोडंफार असं तुम्हीही केलं असेल. पुढचं मी आजवर कुणाला लिहून कळवलेलं नाही.

काही वर्षांनी आपल्या नदीकाठाचा आराखडा निघाला. दगडी पायऱ्या, फिरायला फरसबंद रस्ता, बाग, दिवे, आणि घाटापासून नव्या पुलापर्यंत रुंद रोड, त्यावर सिटी बस आणि ऑटोस्टँड. ज्यांचा घाटावरचा धंदा जाणार त्यांना नव्या घाटावर गाळे मिळणार होते. त्यासाठी घरोघरची पाहणी होती. माणसं कमी पडली म्हणून शेजारच्या जिल्ह्यातून कारकून मागवले. त्यांत माझं नाव आलं. मला ते टाळता आलं असतं. पण नांदेडला सरकारी जीपमधून उतरायचं, याची मला हौस होती.

आदल्या संध्याकाळी मी घरी गेलो. माय भाकरी थापत होती. मी आबांना म्हणालो, "उद्या साहेबांसमोर ओळख दाखवू नका. नात्यातलं माणूस निघालं तर मला पाहणीवरून काढतील." तसा नियम असेलही, मला नक्की ठाऊक नव्हतं. खरं कारण वेगळं होतं. पाहणीवरचे साहेब लातूरचेच, माझं ट्रान्सपोर्ट त्यांनाही ठाऊक होतं. आबा म्हणाले, "बरं."

सकाळी घाटावर टेबल मांडलं. धोबी आले, फुलवाले आले, बांगड्यांचे खानसाब आले. प्रत्येकानं आपली कमाई सांगितली, मी लिहिली. मग नावाडी. वयानं मोठे म्हणून पहिले आबा. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी मला सगळ्या लोकांसारखा नमस्कार केला.

साहेबांनी विचारलं, "माणसामागे भाडं किती घेता?"

आबांचा चेहरा बदलला. "भाडं? आपल्याच माणसांकून? न्हाई बा, साहेब. चारी गावं आमचीच हायती. आमच्या बापानं कधी घेतलं न्हाई, आमी बी घेत न्हाई."

हे तुम्हाला समजावून सांगायला नको, पण आपली मुलं आता वाचतील म्हणून सांगतो. परका माणूस पुलावरून जायचा. आपल्या नावेत बसायची ती पलीकडच्या चार गावांची माणसं, आणि त्यांच्याकडून पैसा घ्यायचा नाही ही रीत. सुगी झाली की आपण खळ्यावर जायचो आणि शेतकरी आपल्या हातानं ज्वारीची सुपं पोत्यात ओतायचा. त्यावर वर्ष निघायचं. ते मागून घेतलेलं नव्हतं, मानाचं होतं. त्याला भाडं म्हणणं म्हणजे त्या गावांचा आणि स्वतःचा अपमान. आबांना वाटलं, साहेब आपल्याला लोभी समजून राहिला.

साहेब माझ्याकडे वळले. "लिहा, भाडं घेत नाही. म्हणजे हा धंदा धरता येणार नाही."

एक वाक्य पुरलं असतं. 'साहेब, यांना सुगीला धान्य मिळतं, तेच यांचं उत्पन्न.' ते माझ्या जिभेवर होतं. पण साहेबांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? मी लिहिलं, उत्पन्न नाही. मग मागचे अकराही एकेक करून पुढे आले. थोरल्यानं जे सांगितलं तेच त्यांनी ताठ मानेनं सांगितलं, आणि मी अकरा वेळा तेच लिहिलं. शेवटच्या दोन-तीन वेळा तर अक्षरही छान आलं.

यादी लागली. धोब्यांना गाळे मिळाले, फुलवाल्यांना मिळाले, खानसाबांना मिळाला. नावाड्यांचं एकही घर त्यात नव्हतं. आळीत आरडाओरडा झाला तेव्हा आबाच मध्ये पडले. "लिव्हणाराची काय चूक? आपुन बोललो तेच लिव्हलं." पुढे घाट झाला, रोड झाला, पुलावरून सिटी बस धावू लागली. चारी गावं बसनं यायला लागली. नावा कुजल्या. कुणी बांधकामावर गेलं, कुणी भाड्याची ऑटो चालवली. आबा गेले तेव्हा मी लातुरात स्वतःच्या नव्या बंगल्याच्या स्लॅबवर उभा होतो. त्यांनी आयुष्यात एकदाही तो विषय काढला नाही, आणि मी धीर करून काढला नाही. ही लाज मी रिटायर होईपर्यंत पोटात घेऊन हिंडलो.

गेल्या वर्षी मात्र ठरवून आलो. आळीत आता जुन्यांपैकी सखूकाकूच उरल्या आहेत, बारांतल्या शेवटच्या नावाड्याची बायको. घाटावर संध्याकाळी लोक फिरायला येतात, आइस्क्रीम खातात, फोटो काढतात. घाट सुंदरच झाला आहे, खोटं कशाला बोलू. काकूंच्या दारात बसून मी सगळं सांगून टाकलं. सुपांचं मला ठाऊक होतं, मी मुद्दाम बोललो नाही, असं स्पष्ट सांगितलं.

काकू तूर निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "आमाला त्याच दिशी ठावं होतं की रे. आदल्या राती तुझा बाप दारोदार फिरला. म्हणला, माझं लेकरू उद्या टेबलावर बसंल, त्याला कुणी वळखू नगा, त्याच्या नोकरीचं हाय. आमचे हे तिथं म्हणणारच होते, ह्यालाच इचारा साहेब, हा आमचाच हाय, ह्याला समदं ठावं हाय. पर आबाला शब्द दिला होता. समद्यांनीच दिला होता."

मला वाटत होतं, मी बारा घरांना फसवलं. त्या बारा घरांनी तर मला उघडं पडू दिलं नव्हतं, आपले गाळे गेले तरी. गाव म्हणजे आपल्याला ओळखणारी माणसं, असं मी मुलांना सांगत आलो. माझं गाव म्हणजे माझ्यासाठी मला न ओळखणारी माणसं. त्यांच्यापैकी आता एकच उरली होती, आणि ती तूर निवडत होती.

"जेवून जाशील न्हवं?" काकूंनी विचारलं.

मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंडच नव्हतं.