नीलेशच्या नावाचं पुडकं

दगडू मिस्त्री अजमानला साइटवर फरशा बसवायचा. कामात चोख, शब्दाला पक्का अशी गावात त्याची ख्याती. पण १९९८ सालच्या त्या शुक्रवारी सकाळी अबू धाबीच्या टॅक्सीत बसताना आपल्याला चोरासारखं का वाटतंय, हे त्यालाच ठाऊक होतं.

महिन्याभरापूर्वी सुट्टी संपवून तो गावाहून परत निघाला, तेव्हा शेजारच्या तानुबाईंनी अबू धाबीतल्या आपल्या मुलासाठी, नीलेशसाठी, त्याच्याकडे पुडकं दिलं होतं. पांढऱ्या कापडात शिवलेलं, वर शाईनं नाव, आत सुक्या जवळ्याची चटणी. आखातात निघालेल्या कोकणी माणसाच्या सामानात अशी परक्यांची दोन-चार पुडकी असतातच, आणि ती न उघडता पोचवायची असतात. दगडूला तीन शुक्रवार सुट्टी मिळाली नाही. चौथ्या, म्हणजे गेल्या शुक्रवारी खोलीत नुसता भात उरला, आणि या गृहस्थानं ब्लेडनं टाके उसवले. म्हणे चिमूटभर घेतो! खोलीतल्या सहा जणांनी चटणीचा कण ठेवला नाही.

आणि काल नीलेशचा फोन आला. "दगडूदादा, आईनं चटणी दिलीय म्हणे तुझ्याकडे?"

"हो हो, उद्याच घेऊन येतो," दगडू बोलून गेला. मग धावतपळत बाजारातून हलव्याचा डबा आणला आणि तो रेक्झिनच्या बॅगेत घातला. समोरासमोर सांगू, असं त्यानं ठरवलं होतं.

नीलेश इस्त्रीचा शर्ट घालून टॅक्सी स्टँडवर उभाच होता. "यल्ला दादा, चल चल! आज ओव्हरटाइम कॅन्सल केला. पूरा कॅपिटल दाखवतो तुला."

आता अशा माणसाला उतरल्या उतरल्या काय सांगणार? शहर बघून झालं की सांगू, असं दगडूनं स्वतःला समजावलं.

राजधानी असली तरी शहर आटोपशीर, आणि वारा मात्र असा की उभं राहू देईना. कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, दगडूची टोपी उडाली. नीलेश तिच्यामागे पोरासारखा धावला आणि धूळ झटकून घेऊन आला. ज्वालामुखीसारख्या बांधलेल्या कारंज्याचं पाणी वाऱ्यानं दोघांच्या अंगावर आलं, तेव्हा तो खदाखदा हसला. दगडूही हसला, पण त्याला स्वतःचीच किळस आली. पुढे लाकडी बोटी बघताना नीलेश म्हणाला, "बॅग दे, मी धरतो जरा."

"राहू दे, हलकीच आहे," दगडू म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

दुपारी ते झाडाच्या आडोशाला बसले. नीलेशनं डबा उघडला. आत पांढराशुभ्र भात, दुसरं काही नाही.

"भाजी केलीच नाही आज," तो लाजत म्हणाला. "म्हटलं, चटणी येतेच आहे. काढ की दादा."

दगडूनं हलव्याचा डबा काढून मध्ये ठेवला. मान वर न करता त्यानं सगळं सांगितलं, ब्लेडसकट. आता हा शिव्या घालेल, उठून जाईल, म्हणून तो वाट बघत बसला. शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं.

नीलेशनं हलव्याचा डबा न उघडताच बाजूला सरकवला. मग म्हणाला, "कशी होती?"

"झकास होती रे."

"खरं सांग. खारट होती?"

"...खारट होती. खूप. आम्ही हसलो पण."

नीलेशचे डोळे भरून आले. "वहिनीनं लिहिलं होतं, आईला आता दिसत नाही, चुलीपाशी येत नाही. मला वाटलं, वहिनीनंच केली असेल. पण वहिनीचं मीठ कधी चुकत नाही. आई घातलेलं विसरते आणि परत घालते." त्यानं डोळे पुसले. "म्हणजे तिनंच केली, दादा. अजून करते."

त्यानं भाताचे दोन भाग केले आणि मोठा भाग दगडूपुढे सरकवला.

"लसूण होती का? आई ठेचून घालते, भरपूर."

दगडूनं डोक्याला खूप ताण दिला. खोली आठवली, हसणं आठवलं, रिकामं कापड आठवलं.

"आठवत नाही रे," तो म्हणाला.