पुठ्ठ्याआडची गुहा

जुन्या साहसकथांच्या कॉमिक्समधून खेळ शोधायचा असेल तर नायकाकडे अजिबात बघू नये. हे मी छातीठोकपणे सांगतो. नायक मुठी आवळून उभा असतो, त्याचं सगळं आधीच ठरलेलं. बघायचं ते त्याच्या मागे. एका चौकटीत मागच्या भिंतीशी एक पहारेकरी बसून भाकरी खात होता. पुढच्या चौकटीत भाकरी नव्हती आणि पहारेकरीही नव्हता. चित्रकाराचा विसराळूपणा असेल, पण तो गेला कुठे, या एका प्रश्नावर आमचे दोन महिने मजेत गेले.

आमचा खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचा रोलप्ले. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, आणि अडेल तिथे फासा टाकायचा. गोष्ट सांगणारा मी. अंजूरच्या एका गोडाऊनात सुपरवायझर आहे, त्यामुळे तोंड चालवायला मला कोणी शिकवायची गरज नाही. खेळणारे तिघं: माझी बायको, यंत्रमागाचा कारखाना असलेला माझा लूमवाला दोस्त आणि त्याची कॉलेजात जाणारी मुलगी. शुक्रवारी त्याचे लूम बंद असतात, म्हणून मीही सुट्टी शुक्रवारचीच मागून घेतली आहे. नमाज आणि जेवण उरकलं की त्याच्या कारखान्यावरच्या खोलीत आमचा डाव बसतो.

सुरुवातीला मी इंटरनेटवरून परदेशी नियमांचं पुस्तक छापून आणलं होतं. त्यात बर्फाचे डोंगर आणि टोकदार कानांची माणसं. बायकोने विचारलं, "ही मानसं जेवतात काय?" पुस्तकात उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी कशेळीच्या एका रद्दीवाल्याकडे वळलो. तो माझ्यासाठी जुन्या चित्रकथा बाजूला काढून ठेवतो. हिंदी, मराठी, मिळेल ते. मुखपृष्ठं फाटलेली, पिना गंजलेल्या, पण आतला माल अस्सल. समुद्री चाचे, बुडालेली मंदिरं, वाळवंटातले किल्ले.

या मालाचं खरं गिऱ्हाईक माझा दोस्त. तलवार तो कधी काढतच नाही, सौदा करतो. एकदा मी त्याला चाच्यांच्या जहाजावर बांधून ठेवलं, तर त्याने कप्तानाला फाटकी शिडं स्वस्तात बदलून द्यायचा शब्द दिला आणि सुटला. वर अर्धं जहाज मागून घेतलं. अशा माणसासाठी गोष्ट रचायची म्हणजे डोकं तासून घ्यावं लागतं, आणि त्यातच मला सगळं सुख होतं.

मग मी पुठ्ठा आणला. गोष्ट सांगणाऱ्याने आपल्यासमोर आडोसा धरायचा असतो, म्हणजे त्याचे नकाशे कोणाला दिसत नाहीत, असं एका व्हिडिओत पाहिलं होतं. गोडाऊनातल्या मोठ्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर कॉमिक्समधली चित्रं डकवली आणि ऐटीत त्यामागे जाऊन बसलो. किल्ल्यामागून राजा बोलावा तसा बोलायला लागलो.

तेव्हापासून दोस्ताचा खेळच उतरला. उत्तर उशिरा द्यायचा. "तू ठरव ना," म्हणायचा. मुलगी हसली की मागून हसायचा. एका शुक्रवारी त्याने फासे माझ्याकडे सरकवले आणि म्हणाला, "देख यार, आता मला नाही जमत. तुम्ही तिघं खेळा."

मला असा राग आला! कोनगावातल्या घरी येईपर्यंत स्कूटरवर मी नुसता धुमसत होतो. इतक्या वर्षांचा दोस्त, माझ्या गोष्टींना कंटाळतो म्हणजे काय? घरी पोहोचल्यावर बायको स्कूटरवरून उतरली आणि शांतपणे म्हणाली, "भाईंना कानानी ऐकू न्हाय येत. लूमच्या आवाजात जन्म गेला त्यांचा. ते तोंड बघून समजतात, आनि तुमी तोंडासमोर पुठ्ठा धरून बसता."

"तुला काय माहीत?"

"मी माहेरी लूमवर सुताची कांडी भरलेली हाय. कारखान्यात कोन कानानी ऐकतो?"

त्याचं उशिरा उत्तर देणं आणि मागून हसणं मला आत्ता उलगडलं.

आता खरं घोडं पेंड खात होतं ते पुढे. नुसता पुठ्ठा काढला असता तर दोस्ताला कळलं असतं की आम्हाला कळलंय. आणि हा इतका मानी माणूस, की त्याने ही गोष्ट आपल्या तोंडाने कोणालाच सांगितली नव्हती. मुलीला ठाऊक असेल, पण तीही बापाचा मान राखून होती. कोणी कीव केली असती तर तो स्वतःच्या कारखान्याचा जिना चढून वर आला नसता. तो गेला असता तरी खेळ चालला असता. पण मला नुसता खेळ नको होता, तो हवा होता.

मी कॉमिक्सचा गठ्ठा सोडून बसलो. पुठ्ठा काढायला सबब हवी होती, आणि सबब शोधायची तर माझ्याइतका तयार माणूस भिवंडीत नाही. सापडली ती एका खजिना शोधणाऱ्या टोळीच्या गोष्टीत. गुहा, वर लोंबणारे दगड, जरा आवाज झाला की छत खाली. सलग दोन पानं बोलण्याचा एक फुगा नाही. चौघंजण नुसते हातांनी बोलतायत. ही पानं मी आधी कितीदा तरी भराभर उलटली होती, कारण वाचायला काही नव्हतं.

दोस्ताला फोन केला नाही, मेसेज केला: "या शुक्रवारी एकदाच ये. गुहा आहे. बोलेल तो मरेल."

"येतो," एवढंच उत्तर आलं.

शुक्रवारी मी तोच पुठ्ठा टेबलावर आडवा टाकला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर गुहा काढली. खेळ सुरू झाला आणि दोस्ताचे हात सुटले. लूमच्या आवाजात कामगार ज्या खुणा करतात त्या सगळ्या बाहेर आल्या. हात आडवा म्हणजे थांब, मनगट फिरवलं म्हणजे मिस्त्रीला बोलाव. बायकोने अंगठा आणि बोट चोळून दाखवलं, धागा तुटला. म्हणजे गुहेतला दोर तुटला. दोस्ताने हवेतच गाठ मारली, दोनदा ओढून बघितली आणि फाशाकडे बोट दाखवलं. मुलगीही चटाचट खुणा करत होती. अडाणी काय तो मी एकटा, कारण गोडाऊनात सगळं ओरडूनच चालतं.

फासा पडला आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "सहा!"

सगळे थिजले. दोस्ताने हळूच छताकडे बोट केलं आणि दोन्ही तळवे माझ्या डोक्यावर आणून आपटले. मी मेलो. मुलीने ओढणी तोंडात कोंबली, बायकोने डोळे पुसले. पण त्या खोलीत सगळ्यात आधी हसला तो दोस्त, आणि मला इतकं बरं वाटलं की मेल्याचं दुःख नाही झालं.

निघताना मी पुठ्ठा काखेत मारला. दोस्ताने तो जिन्यातच काढून घेतला.

"हा इथेच राहू दे. एका लूमखाली तेल गळतं, तिथे टाकतो." मग माझा खांदा धरून त्याने मला उजेडाकडे वळवलं. "आणि पुढच्या शुक्रवारी बोल. दर वेळी गुहा नको. फक्त माझ्याकडे बघून बोल."