बुनरेबाईंचं घरभर सरकणं

लसणाच्या वाफ्यांत चाळीस वर्षं तुरूतुरू फिरलेल्या बुनरेबाई पडल्या त्या घराच्या मागच्या अंगणात. सोयाबीन आंबवायच्या रांजणावरचं झाकण काढायला गेल्या, पायरीवर दहिवर गोठलेलं होतं, घोटा मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं आणि डॉक्टरांनी बजावलं, "दीड महिना हा पाय टेकवायचा नाही."

लेकीनं सोल शहरातून कुबड्या धाडल्या. बाईंनी त्या एकदा बगलेत धरल्या, स्वतःच धाडकन कपाटावर आदळल्या आणि मग त्याच कुबड्या आडव्या टांगून त्यांवर मुळ्याचा पाला वाळत घातला. स्वतःसाठी त्यांनी शेतातली गादी काढली. लसूण लावताना बसायला मागे बांधतात ना, जाडजूड, गोल, तीच. ती कमरेला बांधून, प्लास्टरचा पाय पुढे धरून, हातांच्या रेट्यानं त्या खालून तापवलेल्या ऊबदार जमिनीवरून घरभर सरकू लागल्या.

त्यांचे यजमान जोंगू आजवर स्वयंपाकघरात गेले ते पाणी प्यायलाच. आता चुलीपाशी ते आणि जमिनीवर बाई.

"अहो, फ्रिजखाली कोंबडी अंड्यांवर बसवावी इतका केर साचलाय!"

"चाळीस वर्षं झाडू कुणाच्या हातात होता गं?"

शेजारची माल्सुन हातानं हसू झाकत म्हणाली, "भावजी, पाय मोडलाय, जीभ शाबूत आहे हो वहिनींची!"

अडचण एकच होती, स्वयंपाकघराचा वीतभर उंच उंबरा. दर वेळी जोंगू पाय उचलून धरायचे, मग बाई पलीकडे. तिसऱ्या आठवड्यात ते शेतावर असताना बाई एकट्याच निघाल्या आणि अर्ध्यावर अडकल्या. पाय आत, गादी बाहेर, तासभर. जोंगू आले, बघतच राहिले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"हसा, हसा! आधी उचला तरी!" म्हणता म्हणता बाईंनाही हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवतीचा आवाज आला.

"अहो! मामंजींनी बसवलेला उंबरा तो!"

"बाबांना कुठं सरकत जायचं होतं?" जोंगू मान वर न करता म्हणाले. बाई लाकडाचा भुसा गोळा करू लागल्या.

प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं चाला. बाई चालायच्या, पण जोंगू घरात नसताना. त्यांची स्कूटर वाजली की पुन्हा गादीवर. आयतं सूप कुणाला नको असतं? एकदा स्कूटर वाटेत बंद पडली, जोंगू पायीच आले, तर बाई ओट्याशी ताठ उभ्या, हातात डाव.

"उभी आहेस की!"

"तुमच्या सुपानं उठवलं. चुलीवर ठेवून गेलात, आटून टोफू करपत होता."

जोंगूंनी डाव काढून घेतला. "बस खाली. आजचं मीच करतो."

त्या बसल्या. गादीवर नाही, खुर्चीवर. आणि तिथूनच सांगू लागल्या, "जाळ कमी करा, अहो, जाळ!"