शालिकरामच्या जिभेला कळलेलं मीठ

रिसोडच्या एका कॉलेजात शालिकरामने एकतीस वर्षं प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपायाची नोकरी केली. बेडूक कापायला बंदी आली त्याच्या बरंच आधी तिथले दौलतसिंग सर बेडकाच्या जिभेवर संशोधन करायचे. गुंगी दिलेला बेडूक पाटीवर निजवायचा, जिभेची केसाएवढी नस चांदीच्या तारेवर उचलून धरायची आणि जिभेवर वेगवेगळ्या क्षारांचं पाणी थेंब थेंब सोडायचं. थेंब पडला की पडद्यावरची हिरवी रेघ थरथरत उठायची. त्यासाठी साध्या मिठाचं पाणी चांगलं दाट लागे; कॅल्शियमच्या क्षाराला मात्र अगदी पातळ असला तरी रेघ उसळायची. बेडकाचं बोटही हललेलं नसायचं.

"त्याले सांगता येत नाही, पण त्याची नस सांगते," सर म्हणायचे.

क्षारांच्या बाटल्या शालिकराम धुवायचा; त्यांच्या चिठ्ठ्यांवरची इंग्रजी अक्षरं त्याला पाठ झाली होती. एकदा पोटॅशियम क्लोराइड लागलेलं बोट त्याने सहज चाटलं. आधी खारट, मग कडू, मग लोखंड चाटल्यासारखं काहीतरी. सरांनी त्याला असा झापला की ती चव कायमची डोक्यात बसली.

मागच्या दिवाळीनंतर त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोकं शाबूत होतं, पण ते कोणाला कळणार? तोंड उघडलं की नुसता घोगरा आवाज निघे. लोक त्याच्या खाटेशेजारी बसून त्याच्याबद्दल बोलत, जसा काही तो तिथे नाहीच. "आता काही समजत नसंन त्याहीले," असं म्हणत चहा पीत. तो आतून ओरडे. वरचं पत्र्याचं छत जागचं हलत नसे.

उन्हाळ्यात एके दिवशी सून तनुजाने वरण-भाताचा घास भरवला आणि शालिकरामची जीभ दचकली. खारट, कडू, लोखंडी. त्याने तोंड फिरवलं.

"मामाजी, काहून तोंड फिरवून राह्यले? बीपीवाल्यायचं मीठ आणलं तुमच्यासाठी, महागाचं!"

त्याला त्या बाटलीतल्या चवीची ओळख पटली. वाशिमच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून देताना त्याच्या मुलाला, मुकेशला, बजावलं होतं, किडनी कमजोर आहे, पोटॅशियम वाढू द्यायचं नाही. मुकेश तेव्हा फोनवर बोलत होता. ऐकलं होतं फक्त शालिकरामने.

तीन दिवस त्याने दात आवळून धरले. मुकेश वैतागला. "हट्ट आहे हा नुसता. नाक दाब, तोंड उघडते बरोबर." तनुजाने नाक दाबलं नाही, पण चमचा रेटला. घास गळ्याखाली गेला. छातीत धडधड व्हायला लागली, ती मिठाने की भीतीने, हेही त्याला सांगता येईना.

चौथ्या दिवशी त्याने डाव्या हाताने ताटातल्या वरणात बोट बुडवलं आणि ताटाच्या कोऱ्या भागावर एक रेघ ओढली, तिला दोन तिरप्या.

"काय रेघोट्या मारून राह्यले," म्हणत मुकेशने ताट उचललं.

संध्याकाळी तनुजा एकटीच होती. त्याने पुन्हा बोट बुडवलं. पहिलं अक्षर झालं, दुसरं झालं, तिसरं ताटाच्या काठावर सांडलं. तनुजा पुसायला वाकली आणि थबकली. लग्नाआधी ती अनसिंगला बारावी सायन्स शिकली होती.

"के... सीएल?" ती म्हणाली. "मामाजी, पोटॅशियम?"

त्याने डोळे घट्ट मिटले, उघडले. पुन्हा मिटले. गालावरून पाणी वाहत होतं.

तिने मिठाचं पाकीट उजेडात धरून बारीक अक्षरांतलं 'पोटॅशियम क्लोराइड' वाचलं आणि लगेच डॉक्टरांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. पोटॅशियम चढलेलं होतं. "आणखी आठवडा गेला असता तर हृदय बंद पडलं असतं," डॉक्टर म्हणाले. "कोणाच्या लक्षात आलं?"

"त्याहीच्याच," तनुजा म्हणाली.

ही गोष्ट गल्लीभर झाली. मुकेश दोन दिवस बापाच्या नजरेला नजर देत नव्हता. आता तनुजा दर जेवणाला पहिला घास देऊन विचारते, "मीठ बराबर हाये ना, मामाजी?" तो डोळे मिटतो. ती समाधानाने पुढचा घास कालवते.

खाट दाराशी सरकवा, रस्ता दिसू द्या, एवढंच त्याला कधीपासून सांगायचंय. पण ते कोणी विचारत नाही, आणि 'दार' लिहायला बोट टेकवेपर्यंत ताट उचललेलं असतं.